फिरकीचा तांब्या

केमच्या स्टेशनावरून एक माणूस चिठ्ठी घेऊन आला, तेव्हा मी तिथं बहिणीच्या घरी तिच्या नातवाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होते. चिठ्ठीत एकच ओळ होती. अण्णा गेले... हातातलं ओलं बाळ निसटू द्यायचं नाही, एवढंच त्या क्षणी कळत होतं. चारच दिवसांपूर्वी मी अण्णांना विचारून, त्यांचा होकार घेऊन सोलापूर सोडलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले, पण तो होकार काही कानातून जात नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. गिरण्यांच्या वस्तीला लागून त्यांचा दवाखाना होता. वहिनी लवकर गेल्या, मीही कपाळ पांढरं घेऊन त्यांच्याकडे आले, आणि आम्ही दोघं भावंडं एकमेकांवर खेकसत संसार करू लागलो. आम्ही मूळचे राजापूरकडचे. अण्णांचे कान शेवटपर्यंत कोकणातच राहिले. मी मात्र भाजीवालीशी आणि दूधवालीशी भांडून भांडून वर्षभरात सोलापूरकरीण झाले. माजघराचं दार दवाखान्यात उघडायचं. त्या दाराआड बसून मी औषधाच्या पुड्या बांधायची आणि बाहेरचं सगळं ऐकायची. विधवेनं रोग्यांसमोर यायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ते सांगावं लागत नसे.

गिरणीत इजा झालेल्यांना भरपाई देण्याचा कायदा तेव्हा नवा होता. औषधाला येणाऱ्यांपेक्षा इजेच्या दाखल्याचा 'कागद' मागायला येणारे वाढले. अण्णांना त्या कागदाची धास्तीच वाटे. एकजण गळ्यात हात अडकवून कण्हत आला आणि कागद घेऊन बाहेर पडताच त्याच हातानं विडी पेटवताना अण्णांनी त्याला खिडकीतून पाहिलं. दुसरीकडून गिरणीचे निरोप यायचे, "डॉक्टरसाहेब, जरा हात राखून लिहा." अण्णा दोघांवरही सारखेच भडकत. मला म्हणत, "यमू, दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच मी लिहीन. आणि लिहिलेलं खोडणार नाही. एकदा खोडलं की माझ्या सहीला कोण विचारतो?"

अशात वळसंगचा सिद्राम आला. गिरणीच्या चाकात त्याचा उजवा पंजा सापडला होता. जखम भरून आली होती, बोटंही वाकत होती. बाहेर वीसेक माणसं खोळंबलेली. अण्णांनी पंजा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हात चालतो का?"

"चालतंय की," सिद्राम म्हणाला.

अण्णांनी तसंच लिहिलं. हात चालतो. दाराआड माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. चुकलं हे मला कळलं होतं. भाजीत मीठ नसलं तरी इथला माणूस 'चालतंय की' म्हणतो, अंगात ताप असला तरी म्हणतो. पण मी दार लोटलं नाही. तो भित्रेपणा माझा होता आणि आजही तो मला सलतो.

आठ दिवसांनी सिद्राम बायकोला घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी भरपाई ठरवणाऱ्या साहेबापुढे सुनावणी होती. भरपाई तर अण्णांच्या कागदानं बुडाल्यातच जमा होती, वर परवापासून त्याच चाकावर हजर हो, असा गिरणीचा हुकूम होता. त्याची बायको नागव्वा चांगलीच तापली होती. "कागद म्हंतोय हात चालतोय. मग ह्यास्नी भाकर का मोडंना? त्या चाकावर उभं ऱ्हायलं तर आता आख्खा हात जाईल की वो डॉक्टर!"

"त्यानंच सांगितलं मला," अण्णांचा आवाज चढला. "आज सुनावणी आली म्हणून फिरवू? उद्या म्हणतील डॉक्टर विकला गेला. मग खऱ्या लंगड्याचाही कागद कुणी वाचणार नाही!"

ते चुकीचं बोलत होते असं नाही, आणि म्हणूनच ते मागे हटणार नाहीत हे मला कळलं. सिद्राम मान खाली घालून बायकोला म्हणाला, "चल गं. व्हईल ते व्हईल."

मी दार ढकलून बाहेर आले. "अण्णा, तो 'चालतोय' म्हणाला नव्हता, 'चालतंय' म्हणाला होता. हात पुल्लिंगी की नपुंसकलिंगी? माझं व्याकरण दुरुस्त करता, मग हे कसं ऐकू आलं नाही?"

अण्णांचा चेहरा लालबुंद. आता हे मला सर्वांदेखत आत हाकलणार, असंच वाटलं. मी कोनाड्यातला फिरकीचा तांब्या उचलला. फिरवून घट्ट बसवायच्या झाकणाचा, कोकणातून निघताना बोटीवर पाणी न्यायला आईनं दिलेला तो. मी तो सिद्रामपुढे ठेवला. फिरकी नेहमीसारखीच लावली होती, हे आजही शपथेवर सांगेन. म्हटलं, "उन्हातून आलात, पाणी घ्या."

त्यानं डाव्या हातानं तांब्या धरला आणि उजव्यानं फिरकी फिरवू लागला. बोटं वाकली, झाकणावरून घसरली. पुन्हा वाकली, पुन्हा घसरली. कपाळावर घाम आला. मग त्यानं तांब्या हळूच माझ्याकडे सरकवला. "ऱ्हाऊ द्या की बाई. तहान न्हाय मला."

अण्णांनी त्या तांब्याकडे पाहिलं. मग त्यांनी दौत पुढे ओढली आणि दुसरा कागद लिहिला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः सुनावणीला गेले. गिरणीच्या वकिलानं दोन्ही कागद समोर धरले. "डॉक्टर, यातला खोटा कोणता?" अण्णा म्हणाले, "पहिला. मी नीट ऐकलं नाही." सिद्रामला भरपाई मिळाली, चाक सुटलं. गिरणीनं मात्र अण्णांकडे माणसं पाठवणं बंद केलं. मी चुचकारायला गेले तर म्हणाले, "गप्प बैस. आणि तो तांब्या टेबलावर ठेव."

तेव्हापासून तो तिथंच आहे. अण्णांनी पुन्हा कुणाला 'चालतो का' असं विचारलं नाही. म्हणत, "आधी पाणी घ्या." एका पठ्ठ्यानं तर गळ्यातली झोळी काढून त्या 'निकामी' हातानंच फिरकी उघडली आणि घटाघट पाणी प्यायला. तो गेल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो.

गेल्या महिन्यात केमहून बाळंतपणाचं बोलावणं आलं. अण्णा थकलेले दिसत होते, चमचा डाव्या हातात घेऊ लागले होते. मी विचारलं, "अण्णा, प्रकृती ठीक आहे ना? जाऊ ना मी?"

त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "चालतंय की."

मला हसू आलं. म्हातारा अखेर सोलापूरकर झाला, असं मनात म्हणत मी गाडीत बसले...

परत आले तेव्हा मी निघताना भरून ठेवलेला तांब्या टेबलावर तसाच काठोकाठ भरलेला होता. झाकणाला अण्णांचा पंचा गुंडाळलेला, पकड यावी म्हणून गुंडाळतात तसा, आणि तो पिळून पिळून चुरगळलेला. मी पंचा सोडवला आणि फिरकी फिरवली. हाताला जराही जोर लागला नाही.