शुड, शॅल आणि वस्तीचा टँकर

“टँकर वस्तीवर येतच न्हाई, साहेब. चार दिस झाले. लेकरं नाल्याचं पानी पिऊन राहिलीत. दोघांला हगवण लागली.” सुंदरबाई भर उन्हात पायी आली होती.

लातूर जिल्हा नवा कोरा, दुष्काळ मात्र जुनाच. मी कलेक्टर कचेरीत पाणीटंचाईच्या टेबलावर ड्राफ्टिंग करायचो, म्हणजे कलेक्टर साहेबांच्या ऑर्डरी इंग्रजीत लिहायचो. नव्या ऑफिसात फायलीच नव्हत्या. जुन्या जिल्ह्याचा नमुना घ्यायचा, गावाचं नाव बदलायचं. सुंदरबाईच्या गावात आणि वस्तीवर टँकर पाठवायची ऑर्डरही मी तशीच उतरवली होती.

टँकरच्या ठेकेदाराला बोलावलं. तो कागद घेऊनच आला.

“वस्तीचा रस्ता लई खराब हाय, साहेब. अन् हितं ‘शुड’ लिवलंय. म्हंजी जमलं तर.”

माणूस लबाड, पण बोलला ते खरं. शुड म्हणजे करावं, केलेलं बरं. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. सरकारी कागदात माणसाला बांधून घालायचं तर शॅल. मला माझीच लाज वाटली. दोन लेकरं माझ्या नकलेपायी आजारी होती.

‘शॅल’ घालून नवा ड्राफ्ट केला. हेडक्लार्कनं पेन्सिलीनं खोडला.

“शॅल लिहिलं अन् टँकर गेला न्हाई, तर जाब साहेबाला. शुड ठेव. वरचा माणूस सुटतो.”

“अन् खालचा मरतो,” मी म्हणालो. मीही असल्याच एका गावाबाहेरच्या वस्तीतला. खोडलेला ड्राफ्ट घेऊन तसाच साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. साहेबांनी वाचलं आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी सुंदरबाई पुन्हा दारात. टँकर आलाच नव्हता. एका लेकराला दवाखान्यात नेलं होतं.

मी फेरीच्या चिठ्ठ्या मागवल्या. फेरीची चिठ्ठी म्हणजे पाणी पोचल्याची पावती. ती दाखवल्याशिवाय ठेकेदाराला पुढची फेरी मिळत नसे. प्रत्येकीवर ‘वस्तीवर पोच’ आणि खाली पोलीस पाटलाची सही. गावात, स्वतःच्या ओट्यावर बसून केलेली. जुना नमुनाच तसा होता.

मग ऑर्डरीत एक ओळ वाढवून घेतली. चिठ्ठीवर सही सुंदरबाईचीच.

“मला लिवता येत न्हाई,” ती म्हणाली.

“अंगठा चालतो, मावशी.”

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं स्वतः खड्ड्यात दगड टाकून टँकर वस्तीवर नेला. चिठ्ठी पुढं केली. सुंदरबाई म्हणाली, “आधी सगळ्यायच्या घागरी भरू दे.”

लेकरू वाचलं. तेव्हापासून ऑर्डर लिहिताना शुड की शॅल हे मी नंतर बघतो. खाली अंगठा कुणाचा, ते आधी ठरवतो.