लांबलेली उष्टावण

उजवी मूठ पुढे धरायची, तिच्यावर डावा पंजा दाबायचा आणि म्हणायचं, "बसलं का काम बंद!" अड्याळच्या आमच्या शाळेत जीवशास्त्राचे सर जनुकाचा धडा असा शिकवत. मूठ म्हणजे जनुक, पंजा म्हणजे त्याच्यावर बसून त्याला गप्प करणारं प्रथिन. हेडमास्तर खुर्चीत टेकले की मागच्या बाकावरून कुजबुज यायची, "बसलं का काम बंद!"

मी भाषेचा मास्तर आणि त्यांचा शेजारी. असे हौशी मास्तर तुम्हीही पाहिले असतील. गावात लग्न ठरलं की हे न बोलावता हजर. "पत्रिका ठेवा बाजूले. दोघाइचे सिकलसेलचे कार्ड दाखवा." दोघांच्या रक्तात दोष असला तर मूल आजारी निपजू शकतं, हे त्यांनी घरोघरी सांगितलं आणि शिव्याही खाल्ल्या.

स्वतःच्या मुलीला जवाहरनगरचा नोकरीवाला मुलगा सांगून आला, तेव्हा मात्र सरांची जीभ रेटली नाही. "पोरगा हातचा जाईन, असं वाटलं जी," ते नंतर मला म्हणाले. नात झाली. जन्मताच तपासणी केली, तर तिला सिकलसेल निघाला.

पोर मात्र गुटगुटीत. मी म्हटलं, "सर, रिपोर्ट चुकला असेल."

"नाही जी. पोटातल्या लेकराचं रक्त येगळं रायते, तेच तिले सांभाळून राहिलं. आता एक प्रथिन बसते अन् ते रक्त बनवनं बंद होत जाते. मंग बिमारी उघडी पडते."

"पण बसवतं कोण ते?"

"कोनी नाही. लेकरू वाढते, म्हनून बसते."

हे सांगताना त्यांचे हात मांडीवरच होते. 

घर नातीचे महिने कौतुकानं मोजायचं, सर धास्तीनं. रोज सकाळी तिची बोटं दाबून पाहायचे. सहावा महिना गेला तरी उष्टावणीचं नाव काढू देईनात. सातव्यात त्यांच्या बायकोनं ऐकलं नाही, उष्टावण ठरवलीच.

त्या दिवशी मामानं चांदीचे वाळे आणले, आठवड्यापूर्वीच माप घेऊन केलेले. वाळा पावलावर चढेना. पोरीनं टाहो फोडला.

"पोरगी भरली वो! मोठे वाळे आना," बायका हसल्या. मीही हसलो.

सर हसले नाहीत. पाऊल दाबून पाहत म्हणाले, "भरली नाही जी, सूज हाये, बिमारीची पयली खून." ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. हातात पिशवी होती. दुपटी, पाण्याची बाटली, दवाखान्याची फाईल, सगळं कधीचंच भरून ठेवलेलं.