महिबूबचा आवाज

दोन जुने ऑपरेटर भेटले, की चहा येईस्तोवर तीन किस्से सांगून होतात. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका सबस्टेशनात होतो. तिथले किस्से बाकीचे हसत सांगतात. मला अजून राग येतो.

*

आमच्याकडे कॅरियर फोन होता. त्याचं बोलणं बार्शीला वीज नेणाऱ्या लाइनवरूनच जायचं. अशा यंत्राला हात जोडावेत! आमचे साहेब त्यावरून बार्शीच्या साहेबांशी चादरींचे रंग ठरवायचे. "मोर नको, फुलं बघतो," वगैरे.

मी एकदा म्हटलं, "साहेब, हा फोन लाइनच्या कामाचा आहे."

"मग चादर काय बिनकामाची?"

*

लाइनमध्ये बिघाड झाला, की रिले तो ओळखतो आणि ब्रेकर पाडतो, म्हणजे वीज तोडतो. त्यानं माणसं वाचतात. पण लाइन बंद पडली, की अक्कलकोट रोडचे कारखानदार साहेबांच्या नावानं ओरडायचे. एकदा पॅनेल पुसताना पाहतो, तर रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा! ब्रेकर पडूच नये म्हणून. मी तो काढून साहेबांच्या टेबलावर आपटला.

"कशाला काढलात?" साहेब म्हणाले. "आठवडाभर एक तक्रार नव्हती."

*

महिबूब बार्शीकडचा लाइनमन. नियम असा, की काम संपल्यावर बार्शीचा ऑपरेटर फोनवर काम संपल्याच्या खात्रीचा नंबर देणार, मी तो परत म्हणणार आणि लाइन चालू करणार. पण माणूस खांबावर असतानाही नंबर देता येतो, हे आम्ही एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून आमचा दोघांचा वेगळा नियम. महिबूब उतरून सायकलनं बार्शीच्या सबस्टेशनला जायचा आणि स्वतः फोनवर सांगायचा, "आण्णा, म्या उतरलो. हातपाय शाबूत हायेत."

ते ऐकल्याशिवाय मी लाइन चालू करायच्या हँडलला हात लावत नसे.

*

एका दुपारी महिबूब फोनच्या लाइनशेजारच्या, बंद ठेवलेल्या दुसऱ्या लाइनवर काम करत होता. बार्शीहून नंबर आला. "काम झालंय, महिबूब निघालाच असेल," असं तिथला ऑपरेटर म्हणतोय, तोच साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. चादरी सुरू.

मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "नंबर मिळालाय ना? मग चालू करा."

"महिबूबचा आवाज आला नाही."

"त्याचा आवाज काय करायचाय?"

मी हलेना. माझं डोकं इतकं तापलं होतं, की हात पाठीमागे धरून उभा राहिलो. साहेब बोलतच होते. चाळीस मिनिटांनी फोन मोकळा झाला आणि महिबूबचा धापा टाकणारा आवाज आला. "आण्णा, उतरून आत्ता आलो. एक पिन ढिली ऱ्हायली व्हती, म्हणून परत वर चढलो व्हतो."

चौथ्या दिवशी मला मेमो. चाळीस मिनिटं पुरवठा विनाकारण बंद ठेवला! साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. महिबूबला कळलं होतं, तो बार्शीहून येऊन बाहेर उभा होता.

"विनाकारण नव्हतं म्हणता," साहेब म्हणाले, "मग दाखवा काहीतरी पुरावा."

महिबूब चपला दाराशी काढून आत आला.

"म्या हाय की, साहेब."