दोन्ही चाली

कंपनीत त्यांना सगळे ब्रेकवाले म्हणत. लिफ्ट बिघडली की बाकीचे मेकॅनिक आधी बटणं दाबून बघत, आणि हे गृहस्थ थेट वर मोटरच्या खोलीत जाऊन ब्रेकपाशी मांडी ठोकून बसत. लिफ्ट किती जोरात पळते याचं कौतुक बिल्डरला असावं, ती थांबते की नाही हे आपण बघायचं, असं त्यांचं म्हणणं. नव्या मेकॅनिकांकडून ते एकच गोष्ट घोकून घेत. भरलेली लिफ्ट खाली नेऊन बघा, आणि रिकामी वर नेऊन बघा. रिकामी वर जाते तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन तिला ओढत असतं, ब्रेक तेव्हाही दगा देतो. एकच चाल तपासून सही करणाऱ्याला ते माणसात धरत नसत.

निवृत्त झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसेल, अशी बायकोची भाबडी समजूत होती. त्यांनी कुठून तरी पुस्तकाएवढा जुना संगणक पैदा केला, त्याला दोन डिस्क जोडल्या आणि चपलांच्या कपाटावर त्याची स्थापना केली. हा घरचा सर्व्हर, त्यांनी जाहीर केलं. सगळ्या फायली याच्या पोटात राहणार, आणि घरात कुणीही आपल्या संगणकावर त्या तारेने ओढून घेणार. घरात माणसं दोन, त्यातली एक संगणकाला हात लावत नव्हती.

"अहो, पण कुणीही म्हणजे कोण?" बायकोने विचारलं. ते तार जोडत राहिले. दोघांनाही ते ठाऊक होतं.

मुलगी त्याच शहरात राहायची. लग्नांच्या, शाळांच्या, कारखान्यांच्या फिल्म एडिट करायची. चांगली नोकरी सोडून तिने हे सुरू केलं तेव्हा जेवताना बाप एवढंच म्हणाला होता, की फिती कापायला एवढं शिकवलं होतं का. तिने ताट पुरतं संपवलं, उठून धुतलं, आणि त्यानंतर ती घरी येत राहिली ती पाहुण्यासारखी. त्यात यांची एक खोड. मुलगी दारात दिसली, की तिच्या चपला पायांतून निघायच्या आत हे विचारणार, "काय हवंय?" जन्मभर लोकांनी यांना काही अडलं तरच बोलावलं होतं, म्हणून जीभ तशी वळली असेल. पण पोटची पोर म्हणजे लिफ्ट अडकलेल्या सोसायटीचा सेक्रेटरी नव्हे, हे त्यांना कुणी सांगायचं?

मग तिच्या ऑफिसची इमारत पाडायला निघाली. दुसरी जागा मिळेपर्यंत मागच्या खोलीत बसून काम करीन म्हणते, बाबांचा तो डबा पुरेशा वेगाने चित्रीकरण देणार असेल तर, असं ती आईला फोनवर म्हणाली. आईने ते स्वयंपाकघरातून ओरडून पोचवलं. ब्रेकवाल्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. पोरगी रोज घरी येऊन बसेल, दुपारी आपल्या पंक्तीला जेवेल, आणि ते जुनं वाक्य हळूहळू झिजून जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांना ती परत हवी होती, सरळ गोष्ट आहे.

अडचण एकच होती. त्या जुन्या संगणकाची नेटवर्कची तार लावायची खाच एक गिगाबिट वेगाची, आणि मुलीचं चित्रीकरण एवढं जड की त्या वेगाला चित्र अडखळायचं. तिच्या संगणकाला अडीच गिगाबिटची सोय आधीच होती. इकडे मात्र आत नवं कार्ड बसवायला बोटभर जागा नव्हती. म्हणजे यूएसबीत खोचायचा अडॅप्टर आणणं आलं, आणि तो भरवशाचा हवा. दुकानदाराने पाच गिगाबिटचा एक चकचकीत तुकडा पुढे केला. यांनी विचारलं, किती वेळ टिकतो? दुकानदार वेगाचेच आकडे सांगत राहिला. तो अडॅप्टर चालू केल्यावर इतका तापला की बायको म्हणाली, यावर माझी कणीक भाजून निघेल. दुसरा अधूनमधून गायबच व्हायचा. संगणकाला विचारावं तर तो कानावर हात ठेवायचा. दुधाने तोंड पोळलेले ब्रेकवाले मग ताक फुंकू लागले. अनोळखी लोकांच्या तक्रारी वाचल्या, आतली चिप कोणती हे बघितलं, आणि सगळे बरं बोलत होते त्या चिपचा, धातूच्या अंगाचा तिसरा अडॅप्टर आणला. मागच्या खोलीत आपला संगणक ठेवून सर्व्हरमधून दिवसभर फायली ओढत बसले. मधूनमधून उलटा हात लावून बघायचे, मोटरला लावायचे तसा. कोमट होता. एकदाही तुटला नाही. त्यांनी मनातल्या मनात सही केली.

मुलगी आली, आपले पडदे आणि तारा घेऊन. पहिल्या दिवशी दार उघडल्यावर "काय" एवढं तोंडातून निघालं, पुढचं त्यांनी गिळलं. तिच्या ते लक्षात आलं आणि ती किंचित हसली. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. हे दर तासाला चहा नेऊन ठेवायचे, तिने आधीचा प्यायलेला नसायचा तरी. एका दुपारी तिने त्यांना बोलावून एका शाळेची फिल्म दाखवली. ती बघून त्यांना म्हणायचं होतं, की पोरी, मी चुकलो. म्हणाले काय, तर आवाज जरा कमी कर.

तिची मोठी फिल्म पूर्ण झाली त्या दिवशी ती फिल्मची शेवटची प्रत तयार होईल तशी सर्व्हरवर परत पाठवू लागली. म्हणजे चित्रीकरण इकडून जात होतं आणि फिल्म तिकडून येत होती. अडॅप्टरने दोन्हीकडचा भार जरा वेळ सोसला आणि मान टाकली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अर्धवट लिहिलेली फाईल उघडेना. संध्याकाळी गिऱ्हाईक हॉलमध्ये पाहुणे बसवून वाट बघत राहिलं, फिल्म पोचली नाही, आणि पुढची सगळी कामं त्याने फोनवरच काढून घेतली.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तार गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "बाबा, तुम्ही हे तपासलं कसं होतं?"

दिवसभर चालवून, ते म्हणाले. एकदाही तुटलं नव्हतं.

"दोन्हीकडून चालवून बघितलं होतं?"

त्यांनी अडॅप्टरला उलटा हात लावून बघितला.

"म्हणजे मी इथे काही न्यायलाच येणार, असं धरून चाललात," ती म्हणाली. "नेहमीसारखं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकच चाल तपासणाऱ्यांना जन्मभर झाडणाऱ्या माणसाने स्वतःच्या लेकीसाठी एकच चाल तपासली होती. विसरले म्हणावं, तर तेही खरं नाही. पोरगी आपल्याला काही देईल, काही आणून ठेवेल, हे त्यांच्या ध्यानीमनीच नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि ती सांगायला मुलगी थांबली नव्हती, आपले पडदे आणि तारा घेऊन निघून गेली होती.

त्याच चिपची एक सुधारलेली आवृत्ती होती. दोन्हीकडून भार आला की जुनी दमायची, नवी नाही. डबी तीच, रंग तोच. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसे ते नवी घेऊन आले. आता मागच्या खोलीत त्यांच्याच संगणकावर फायली येत होत्या आणि जात होत्या, आठवडा झाला तरी एकदाही तुटलं नाही. बायको दारात उभी राहून ते बघायची. "मुलीने जागा घेतली," तिने एकदा सांगितलं. "आता हे कुणासाठी?"

शेवटी त्यांनी स्वतः फोन लावला. आता दोन्हीकडून चालतं, मी तपासलंय, आणि ती शाळेची फिल्म फार छान होती, असं सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. पलीकडे कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, ते तिने थांबवलं.

"बोला बाबा," ती म्हणाली. "काय हवंय?"

"काही नाही," ते म्हणाले.

बरं, म्हणून तिने फोन ठेवला. काय म्हणाली, असं बायकोने विचारलं. ब्रेकवाले म्हणाले, कामात होती.