कळ्ळं आणि कळ्ळ

काळा मुखवटा घातलेला नायक दिसला की आजही माझं डोकं फिरतं. माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या खजुरीतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात मागं बसून मोबाइलवर असल्याच मालिका बघायचा. नायक कुणाची तरी हाडं मोडायचा आणि मग गच्चीवर जाऊन एकटाच पावसात उभा राहायचा. डोळ्यांत पाणी, मागं रडकं संगीत. झालं, अण्णा विरघळला!

"त्यो देव बी न्हाई, राक्षस बी न्हाई. माणूस हाय त्यो," असं मला ऐकवायचा.

"आन् ज्याची हाडं मोडली, त्यो कोण हाय? त्येला कामून दाखवत न्हाईत?"

"तुला गोष्टीतलं काय समजतंय?" म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालायचा.

एका दुपारी मादन हिप्परगा गावचा, जळालेल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारा एक वायंडिंगवाला तार घ्यायला आला. आमच्या वडिलांना, अप्पांना, कमी ऐकू येतं. कसली तार हवी ते तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी तारेच्या वेटोळ्यावरचा छाप उजेडात दाखवावा म्हणून वेटोळं खांद्यावर टाकून तो दाराबाहेर गेला. अप्पा आतून ओरडले, "कळ्ळं, कळ्ळं!"

आमच्या बोलण्यात 'कळलं'चं 'कळ्ळं' होतं. आणि कन्नडात कळ्ळ म्हणजे चोर. ह्यावरून जेवताना आम्ही कितीदा हसलो असू. पण अण्णानं मागून तेवढाच शब्द ऐकला, अनोळखी माणूस वेटोळं घेऊन चाललेला पाहिला आणि लोखंडी पाइप उचलून धावला. काही विचारलं नाही. मालिकेत कुठं विचारतात?

त्या माणसाचा उजवा हात मोडला. ज्या हातानं तो मोटारीत तार भरतो, तोच.

अप्पांनी त्याला तालुक्याला, आळंदच्या दवाखान्यात नेलं. इकडं अण्णा गच्चीवर जाऊन बसला. जेवेना, बोलेना. आई सारखी चहा घेऊन वर जायची. "त्येला लई वाईट वाटायलंय, तू काय बोलू नकोस," मला म्हणायची. शेजारीपाजारी त्याचीच समजूत काढत होते. एकानंही विचारलं नाही, तो हात पुन्हा चालेल का? माझ्या अंगाची आग झाली. वर जाऊन मी त्याच्या हातातला कप हिसकावला. "ऊठ. त्येच्या घरी चल. माफी माग."

तो आला. दारात अण्णा दिसताच तो माणूस बाजेवरून उठला आणि त्यानं चांगला हात डोक्यावर आडवा धरला. अण्णाला वाटलं, नमस्कार करतोय. मग खाली बसून अण्णा स्वतःचंच सांगत सुटला. मला झोप न्हाई, जेवण जाईना, मी तसला माणूस न्हाई, चोर समजून मारलो. माफीचा शब्द शेवटपर्यंत आला नाही.

"तुमचा हात कसा हाय?" शेवटी मीच विचारलं.

"डॉक्टर म्हणले, बोटं पहिल्यासारखी चालायची न्हाईत." त्यानं प्लास्टरमधली बोटं हलवून पाहिली. मग अण्णाच्या हाताकडं नजर ठेवून, अगदी हळू, बाहेर पुन्हा कुणी भलतंच ऐकू नये अशा आवाजात म्हणाला,

"कळ्ळं, अण्णा."

परतताना अण्णा गाडीवर मोकळं हसला. "बघ, त्येला बी कळ्ळं."

मी त्याला गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि खजुरीपर्यंत चालत आले.