शिल्पवाटेवरची टपालमावशी

टपालमावशीबरोबर कधी फिरायला जाऊ नये. एकोणतीस वर्षं टपाल वाटलेली बाई. रमतगमत चालणं तिला ठाऊकच नाही. त्या शनिवारी कलासंग्रहालयाच्या बागेतल्या शिल्पवाटेवरही ती तशीच सुटली. झाडांमधून वळत जाणारी वाट, जागोजागी शिल्पं आणि प्रत्येकापुढे क्रमांकाचा खांब. लोखंडाच्या कड्या झाल्या, मधोमध कापलेला धोंडा झाला, कुठेच न पोचणारा सिमेंटचा जिना झाला. ही क्रमांक वाचायची आणि पुढे. मी मागून धापा टाकत होते.

"अगं, बघ तरी जरा," मी म्हटलं.

"आपलं सातवं आहे," ती म्हणाली.

आपलं म्हणजे तिच्या भाचीनं केलेलं; त्या दिवशी ते पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होतं. अख्खा हिवाळा दर रविवारी भाचीनं तिला स्टुलावर बसवून मातीत काम केलं होतं. "तुझाच पुतळा करतेय मावशी, आता जग बघेल तुला," असं म्हणाली होती. मावशीनं हे मला निदान वीसदा तरी सांगितलं असेल, दर वेळी आत्ताच आठवल्यासारखा चेहरा करून.

भाची चार वर्षांची असताना तिची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, नोकरीसाठी म्हणून बंदराच्या शहरात गेली ती गेलीच. बाप आधीच नव्हता. मावशीचं लग्न तेव्हा जमत आलं होतं, ते तिनं स्वतःहून मोडलं. का, असं विचारलं की म्हणायची, पोरीला सकाळी शाळेत कोण सोडणार?

पाचव्या वाढदिवसाला पोरगी दिवसभर दाराशी बसून होती, आईचं पत्र येईल म्हणून. गावभर पत्रं वाटणाऱ्या बाईच्या घरीच पत्र येईना. पुढच्या वाढदिवसाआधी मावशी आमच्या टपाल कार्यालयातल्या मागच्या टेबलावर बसली आणि बहिणीसारखं डावीकडे झुकतं अक्षर काढून तिनं पत्र लिहिलं. मी तेव्हा तिथेच आलेल्या टपालाचे गठ्ठे लावायचे. माझा भाऊ त्या बंदराच्या शहरात राहायचा. मी पत्र त्याच्याकडे पाठवलं, त्यानं तिथल्या पेटीत टाकलं, म्हणजे शिक्काही तिथलाच बसला. वाढदिवसाच्या दिवशी मावशीनं गणवेशात आपल्याच दाराची घंटा वाजवून ते पोरीच्या हातात दिलं.

असं तेरा वर्षं चाललं. 'मी सारखी जागा बदलते, उत्तर पाठवू नकोस' ही ओळही हिचीच. मी चिडायचे. म्हणायचे, तिनं काडीचंही काही केलं नाही आणि तू तिला डोक्यावर बसवतेस. ती म्हणायची, "आपण कुणालाच नको होतो असं पोरीला वाटायला नको."

दोन वर्षांपूर्वी शिल्पकार म्हणून भाचीचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं आणि पंधरा दिवसांत आई उगवली. भाचीनं जपून ठेवलेल्या पत्रांचा डबा तिच्यापुढे उघडला. बहिणीनं एक पत्र वाचलं, मावशीकडे पाहिलं आणि पोरीला जवळ घेतलं. पत्रं माझी नाहीत, असा चकार शब्द काढला नाही. मी तिथेच तिचं पितळ उघडं पाडणार होते, पण मावशीनं मला शपथ घातली. "ती स्वतःच सांगेल," म्हणाली, "थोडा वेळ दे तिला." दोन वर्षं ती त्याची वाट बघत होती.

सातव्या शिल्पाशी वाट मागच्या बाजूनं येते. बाकावर बसलेली ब्राँझची बाई पाठमोरी दिसली आणि मावशी थांबली. डावा खांदा उजव्याहून चार बोटं खाली. टपालाच्या पिशवीनं उतरवलेला हा खांदा मी गर्दीतही ओळखेन. मावशीनं केस सारखे केले, माझ्याकडे बघून चक्क लाजली, आणि आम्ही पुढे गेलो.

तोंड बहिणीचं होतं. मांडीवर मावशीची जाड बोटं, त्यांत पत्र, आणि वर बहिणीचा नाजूक, हसरा चेहरा. खाली पाटीवर नाव, 'आई'. त्याखाली पत्रातली ओळ कोरलेली: 'झोपताना खिडकीला कडी लावत जा, मला तिथे येऊन लावता येत नाही.' एक म्हातारे गृहस्थ ती वाचून डोळे पुसत होते. ती ओळ लिहिताना मावशीनं मला विचारलं होतं, कडी लिहू की खिट्टी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंड माझं नाही," मावशी हळूच म्हणाली.

भाची धावत आली, तिनं मावशीला मिठी मारली. "अगं, मला आई करायची होती. सुरुवात तुझ्यावरूनच केली होती, खरंच. पण तोंडाशी आले आणि हात आईकडेच गेला. तू रागावणार नाहीस हे ठाऊक होतं मला."

भाचीमागून बहीणही आली होती; बाजूला संग्रहालयातल्या बाई तिला विचारत होत्या, पत्रं किती वर्षं लिहिलीत? बहिणीनं आमच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "दर वाढदिवसाला. कितीही काम असलं तरी."

मी तोंड उघडलं. मावशीनं माझं मनगट असं धरलं की हाड दुखलं. तिला बहिणीवर चिडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. पण ती बघत होती पोरीच्या तोंडाकडे. पोरगी आईकडे बघून अशी हसत होती, की ते मोडणं माझ्यानंसुद्धा झालं नसतं.

मग भाचीनं मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "एक विचारू? राग नाही ना येणार?" ती म्हणाली. "आई एवढ्या लांबून लिहायची. तू मला कधी एक ओळसुद्धा का नाही लिहिलीस गं?"

मावशीनं त्या कोरलेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"एकाच घरात तर राहत होतो," ती म्हणाली.