लेकीने सांगितलेली हवा

आमच्या ह्यांनी ओझरच्या विमान कारखान्यात उभी हयात काढली. विमानांची पोटं उघडली, दुरुस्त केली, पुन्हा बंद केली. पण विमानात बसून कुठे गेलेत म्हणाल तर एकदाही नाही. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, मला पायलट व्हायचंय," तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. लेक उत्तर प्रदेशातल्या एका विमानशाळेत गेली, आणि हे निवृत्त होऊन घरी बसले. बसले म्हणजे तिच्या रिकाम्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसले.

त्यावर विमान उडवायचा खेळ होता. टेबलाला जॉयस्टिक पक्की ठोकलेली, खाली पायांसाठी स्वतः बनवलेली लाकडी पेडलं. मी 'खेळ' म्हटलं की ह्यांना राग यायचा. "सिम्युलेटर म्हण," असं मला इतक्या वेळा ऐकवलं की नाशिकरोडच्या रेल्वे पार्सल ऑफिसात माझ्या शेजारच्या कारकुनालाही तो शब्द पाठ झाला.

पण खेळातली हवा ह्यांना पटेना. ढग सगळे एकसारखे, वारा जणू पंख्याचा. मग शोधाशोध करून हवेची दोन वेगळी सॉफ्टवेअरं आणली. पहिलं इंटरनेटवरून जगातल्या त्या त्या विमानतळाची त्या घडीची हवा आणून पडद्यावर उतरवायचं. दुसरं काहीच आणायचं नाही. वारा कुठून, किती जोराचा, ढग किती उंच, लांबचं किती दिसतं, हे सगळं आपणच भरायचं. दोन्ही काही दिवस वापरून बघायची आणि एक ठेवायचं. मुलीला स्थळं बघावीत तशी ह्यांची चौकशी सुरू झाली.

पहिलं स्थळ पहिल्याच भेटीत नापास झालं. ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं. ह्यांनी विमान ओझरच्या धावपट्टीवर उभं केलं तर पडद्यावर धो धो पाऊस. हे धावत गच्चीवर आले. तिथे माझे कपडे वाळून कडक झाले होते. नंतर उलगडा झाला, की ओझरच्या हवेची खबर त्या सॉफ्टवेअरला कुठे मिळतच नव्हती, म्हणून ते मुंबईची हवा आणून आमच्या डोक्यावर ओतत होतं. मध्ये कसारा घाट आहे हे त्याला कोण सांगणार!

मी हसले. हे हसले नाहीत. ह्यांच्या कारखान्यात हत्यारांची फळी असायची, प्रत्येक पान्याचा आकार तिच्यावर रंगवलेला. संध्याकाळी एका पान्याची जागा जरी रिकामी दिसली तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. तो विमानाच्या पोटात राहिला असेल तर वरचा माणूस जिवाला मुकायचा. अशा शिस्तीत जन्म काढलेल्या माणसाने एकदा खोटं बोललेल्यावर पुन्हा विश्वास ठेवणं शक्य नव्हतं.

दुसरं सॉफ्टवेअर मात्र जमलं, कारण त्याला हवा पुरवणारी आमची लेक होती. तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आज उडालीस? वारा कुठला होता? ढग?" ती सांगायची, हे भरायचे, आणि मग तिच्याच धावपट्टीवर, तिच्याच हवेत आपलं विमान उतरवायचे. फोन माझ्या हातात येईपर्यंत पोरीची बोलायची हौस संपलेली असायची. "आज आम्ही दोघं एकाच हवेत उडालो," असं हे जेवताना सांगायचे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

जानेवारीत एका सकाळी ह्यांनी सहज म्हणून पहिलं सॉफ्टवेअर पुन्हा लावलं, लेकीच्या विमानतळावर. पडदा पांढराफटक. धावपट्टी नाही, आकाश नाही, काही नाही. संध्याकाळी लेक म्हणाली, "सकाळीच उडाले बाबा. हवा छान होती, समोरून हलका वारा."

"बघ!" हे मला म्हणाले. "आता दिल्लीचं धुकं उचलून हिच्या धावपट्टीवर टाकतंय. हे असलं घरात नको." आणि ते काढून टाकलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलीच गत. मलाही ते पटलं.

त्याच आठवड्यात उत्तरेकडच्या गाड्या नाशिकरोडला तासन्‌तास उशिरा येऊ लागल्या. पार्सल घेऊन आलेल्या एका माणसाला मी लेकीच्या गावाचं नाव घेऊन विचारलं, तिकडे कसं आहे म्हणून. तो कानटोपी काढत म्हणाला, "मॅडम, वहाँ तो हफ्ते भर से सूरज ही नहीं निकला. हाथ को हाथ नहीं दिखता."

दुपारीच ऑफिसातून तिला फोन लावला. "धुक्यात कुठे उडतेस गं तू?" एवढंच विचारलं. ती हमसून हमसून रडू लागली.

दिवाळीनंतर ती विमानात बसलीच नव्हती. आडव्या वाऱ्यात उतरताना विमान एका अंगावर कललं, शेजारच्या शिक्षकाने ऐनवेळी ताबा घेतला म्हणून दोघं वाचले. तेव्हापासून विमानाजवळ गेलं की तिचे हात गार पडायचे. दिवसभर ती खोलीत बसून असायची.

"आणि रोज बाबांना हवा सांगत होतीस ती?"

"ते विचारतात, मग काहीतरी सांगावंच लागतं ना. आडव्या वाऱ्यात त्यांचं विमान आपटतं गं आई. मग दुसऱ्या दिवशी आवाज पडलेला असतो त्यांचा. म्हणून मी वारा समोरचा सांगते. हलका सांगते."

मला तिचा राग आला, ह्यांचा आला, त्या कॉम्प्युटरचा आला. घरी येईपर्यंत बसमध्ये डोळे पुसत होते. हे फोनची वाट बघत टेबलाशी बसले होते. मी चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं.

हे म्हणाले, "म्हणजे ते धुकं खरं होतं?"

"अहो, पोर तिकडे एकटी रडतेय आणि तुम्ही सॉफ्टवेअरचं काय घेऊन बसलात!" मी ओरडलेच.

हे पडद्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मग इतके दिवस मी कुठल्या हवेत उतरत होतो?"

"तुम्हाला जमेल असं तिला वाटलं, त्या हवेत."

ह्यांना रडताना मी त्याआधी फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं. मी पाठीवर हात ठेवला आणि तेवढ्यात फोन वाजला. मी ह्यांना सगळं सांगून टाकलंय हे तिला ठाऊक नव्हतं. ह्यांनी डोळे पुसून फोन उचलला. मला बाजूला उभ्या उभ्या तिचा आवाज ऐकू येत होता. नेहमीसारखीच सुरू झाली, "बाबा, आज ना वारा..."

"वारा राहू दे गं," हे म्हणाले. "तू जेवलीस का?"

ती म्हणाली, "नाही."

"मग घरी ये," हे म्हणाले.